गाडीच्या एसीत गॅस घरीच भरायचा की गॅरेजमध्ये? कॅन विकत घेण्याआधी हे वाचा

मे महिना. नागपूर, अकोला, जळगाव, कुठेही जा, दुपारी पारा ४० च्या वरच. गाडी दोन तास उन्हात उभी असते. आत बसून एसी लावला, ब्लोअर चारवर नेला, तरी वारा येतो तो कोमटच.

मग सल्ले सुरू होतात. शेजारचे काका म्हणतात, "गॅस संपला असेल, भरून घे." गॅरेजवाला जाळीसमोर हात धरून तेच सांगतो. आणि युट्यूब उघडलं की अमेरिकेतला एखादा माणूस गाडीचं बॉनेट उघडून, एक छोटा कॅन आणि पाइप जोडून दहा मिनिटांत एसी गार करून दाखवतो. तसे कॅन आपल्याकडे ऑनलाइनही मिळतात आणि फ्रिज-एसीचं सामान विकणाऱ्या दुकानातही. किंमत काही शे रुपये. साहजिकच वाटतं, गॅरेजवाल्याला पैसे कशाला द्यायचे? आपणच भरू की.

पण हे काम दिसतं तितकं सोपं आहे का? आणि गॅरेजमध्ये नेलं म्हणजे ते नीटच होतं का? एकेक मुद्दा बघू.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा 'संपतो' का?

नाही. सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, वापरलाही जात नाही. तो एका बंद यंत्रणेत गोल गोल फिरत राहतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. मग तो रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. पुढे ड्रायरमधून एका बारीक व्हॉल्व्हपाशी येतो. तिथून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम कमी होतो आणि तो खूप थंड होतो. हा थंड गॅस डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमधून फिरतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. तिथून परत कॉम्प्रेसरकडे.

आपल्याकडच्या बहुतांश गाड्यांमध्ये आजही आर-१३४ए हा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. लहान आणि मध्यम गाड्यांमध्ये तो साधारण ३५० ते ६०० ग्रॅम असतो. मागच्या सीटसाठी वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत जास्त. तुमच्या गाडीला नेमका किती लागतो, हे बहुतेक वेळा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

म्हणजे यंत्रणा पूर्णपणे बंद असेल, तर गॅस वर्षानुवर्षं तेवढाच राहायला हवा.

मग गॅस कमी का होतो?

लीकेजमुळे. दुसरं कारण नाही.

काही लीकेज नैसर्गिक म्हणावं असं असतं. रबरी पाइप, सांध्यांवरच्या ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील इथून वर्षाकाठी थोडा थोडा गॅस झिरपतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमात आर-१३४ए सारख्या गॅसवर चालणाऱ्या, एक कूलिंग कॉइल असलेल्या यंत्रणेसाठी वर्षाला ४० ग्रॅम ही गळतीची मर्यादा धरली आहे. म्हणजे चांगल्या गाडीतही सात-आठ वर्षांनी थंडावा थोडा कमी झाला, तर त्यात नवल नाही.

पण मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात गायब असेल, तर ते नैसर्गिक नाही. कुठेतरी भोक आहे. हायवेवर उडालेला दगड कंडेन्सरला लागलेला असतो, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत त्याचं ॲल्युमिनियम खाल्लं गेलेलं असतं, एखादी ओ-रिंग कडक होऊन चिरलेली असते किंवा कूलिंग कॉइलच फुटलेली असते. अशा गाडीत दर वर्षी गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता रोज टायरमध्ये हवा भरण्यासारखं आहे. मग ते घरी करा किंवा गॅरेजमध्ये.

कॅनने भरताना गडबड कुठे होते?

मोजमापात.

घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचं उदाहरण घ्या. सिलिंडर भरलेला असो की अर्धा, शेगडीची ज्योत सारखीच असते. शेवटी शेवटी ती मंदावते तेव्हाच कळतं. आत किती गॅस आहे हे पाहायचं तर सिलिंडर काट्यावर ठेवावा लागतो. कारण आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही.

गाडीच्या एसीचंही तेच. आर-१३४ए चा बंद यंत्रणेतला दाब २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय असतो आणि ४० अंशांना तो १३० पीएसआयच्या पुढे जातो. यंत्रणेत २५० ग्रॅम गॅस असो की ४५०, एसी बंद असताना हा आकडा जवळपास तोच दिसतो. म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपन्या गॅसचं प्रमाण दाबात सांगत नाहीत, ग्रॅममध्ये सांगतात.

कॅनसोबत मिळणाऱ्या पाइपवर एक छोटा मीटर असतो. त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. काटा हिरव्यात आला की झालं, असं व्हिडिओत सांगतात. पण हा मीटर फक्त कमी दाबाच्या बाजूचा आकडा दाखवतो. तो आकडा बाहेरचं तापमान, ब्लोअरचा वेग, इंजिनाचा वेग, कॉम्प्रेसरची तब्येत अशा अनेक गोष्टींवर बदलतो. कॉम्प्रेसर कमजोर असेल तर गॅस पुरेसा असूनही थंडावा येत नाही. व्हॉल्व्ह चोक झाला असेल तर गॅस पूर्ण असूनही काटा खालीच राहतो. तो पाहून माणूस आणखी गॅस सोडतो.

मेकॅनिक दोन मीटरचा संच का वापरतो, ते यावरून कळेल. जास्त दाबाची बाजू पाहिल्याशिवाय आजाराचं निदान होत नाही.

"कॅन आधी आणि नंतर वजन करून पाहू" अशी युक्ती कुणी सुचवेल. ती चांगलीच आहे. त्यातून आपण किती गॅस आत सोडला हे समजतं. पण आत आधी किती होता, हे तरीही समजत नाही. ४५० ग्रॅमच्या यंत्रणेत ३८० ग्रॅम शिल्लक असताना २०० ग्रॅम भरला, तर एकूण ५८० ग्रॅम झाला.

थोडा जास्त भरला तर बिघडतं काय?

एसी जास्त गार होईल असं वाटतं. होतं उलटं.

गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये त्याला पूर्ण थंड व्हायला जागा उरत नाही. जास्त दाबाच्या बाजूचा दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि थंडावा येतो-जातो असा खेळ सुरू होतो. कधी कधी गॅसऐवजी द्रवच कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. कॉम्प्रेसर गॅस दाबण्यासाठी बनलेला असतो, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे आतले भाग तुटू शकतात. काही शे रुपयांच्या कॅनपायी कॉम्प्रेसर गेला, तर खर्च सहज दहा हजारांच्या पुढे जातो.

गॅस कमी असणंही कॉम्प्रेसरला मानवत नाही. त्याला लागणारं ऑइल गॅससोबतच फिरत असतं. गॅस कमी झाला की ऑइल नीट परत येत नाही. त्यामुळे 'चालतंय तोवर चालवू' हाही उपाय नव्हे.

हवा आणि ओलावा

यंत्रणेतला बराचसा गॅस गेला असेल किंवा एखादा भाग उघडला असेल, तर आत हवा शिरते. हवेसोबत ओलावा येतो. कंडेन्सरमध्ये हवेचा द्रव होत नाही, ती नुसती दाब वाढवते. ओलावा त्या बारीक व्हॉल्व्हपाशी गोठून रस्ता अडवू शकतो. शिवाय गॅस आणि ऑइलशी त्याची क्रिया होऊन आम्ल तयार होतं, आणि ते आतून धातू खातं.

म्हणून गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून यंत्रणा रिकामी करावी लागते. दाब खूप खाली नेला की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर ओढलं जातं. याला किमान अर्धा तास द्यावा लागतो. नंतर पंप बंद करून व्हॅक्यूम टिकतो का, हे पाहतात. तो उतरत असेल तर लीकेज आहे.

कॅन जोडून थेट गॅस भरताना यातलं काहीच होत नाही. उलट पाइपमधली हवाही आत ढकलली जाते.

अंगावर बेतणाऱ्या गोष्टी

पहिली: कॅन नेहमी कमी दाबाच्या बाजूलाच जोडायचा. या बाजूच्या टोपणावर इंग्रजी 'एल' आणि दुसऱ्या बाजूच्या टोपणावर 'एच' लिहिलेलं असतं. आर-१३४ए च्या गाड्यांत दोन्ही जोडण्यांचा आकार मुद्दाम वेगळा ठेवलाय. तरी जुगाड करून कॅन जास्त दाबाच्या बाजूला जोडला आणि एसी चालू केला, तर तिथला दाब कॅनमध्ये शिरून कॅन फुटू शकतो.

दुसरी: गळणारा द्रव उणे २६ अंशांचा असतो. डोळ्यात किंवा हातावर उडाला तर गोठून जखम होते. चष्मा आणि हातमोजे लागतातच.

तिसरी: हा गॅस हवेपेक्षा जड असतो. बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तो खाली साचतो आणि माणूस गुदमरू शकतो. पेटत्या ज्योतीशी किंवा खूप तापलेल्या धातूशी संपर्क आला तर त्यातून विषारी वायू तयार होतात.

चौथी, आणि सगळ्यात दुर्लक्षित: कॅनमध्ये नेमकं काय आहे? स्वस्त कॅनमध्ये भेसळ असू शकते. २०११ मध्ये मालवाहू जहाजांच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये झालेल्या स्फोटांत कामगारांचे जीव गेले होते. त्या कंटेनरमध्ये आर-१३४ए च्या नावाखाली मिथिल क्लोराइड मिसळलेला बनावट गॅस भरला गेला होता. मिथिल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी क्रिया होते आणि हवा लागताच पेट घेणारं रसायन तयार होतं. गाडीच्या एसीतले अनेक भाग ॲल्युमिनियमचेच असतात, हे लक्षात ठेवा.

पण अमेरिकेत तर लोक घरीच भरतात ना?

भरतात. तिथे सुट्या भागांच्या दुकानात साधारण १२ औंस, म्हणजे ३४० ग्रॅमचे कॅन सर्रास मिळतात. मजुरी महाग असल्याने स्वतः काम करण्याची सवयही आहे. तिकडे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनीही हा प्रयोग केलेला असतो.

पण तिथेही हे मोकाट नाही. पैसे घेऊन गाडीच्या एसीचं काम करणाऱ्या मेकॅनिकला तिथल्या कायद्यानुसार प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. सामान्य ग्राहकाला २०१८ पासून आर-१३४ए चे छोटे कॅन मिळतात ते आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हसह, म्हणजे उरलेला गॅस हवेत जाऊ नये. गॅस मुद्दाम हवेत सोडायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर कॅनवर १० डॉलर अनामत घेतात, रिकामा कॅन परत केला की ती मिळते.

व्हिडिओत हे सगळं दिसत नाही. दिसतात ती फक्त दहा मिनिटं.

गॅरेजमध्ये नेलं म्हणजे काम चोख झालं का?

तेही नक्की नाही. हे स्पष्ट बोलायला हवं.

अनेक ठिकाणी आजही पिन दाबून जुना गॅस हवेत सोडतात, व्हॅक्यूम पाच मिनिटं मारतात किंवा मारतच नाहीत आणि मोठ्या सिलिंडरमधून मीटर पाहत अंदाजाने गॅस भरतात. हे काम घरच्या कॅनपेक्षा फार वेगळं नाही. फरक इतकाच, की पैसे जास्त जातात.

नीट काम असं होतं. मशीन आधी जुना गॅस ओढून घेतं आणि किती निघाला ते ग्रॅममध्ये दाखवतं. मग लीकेज शोधतात. त्यासाठी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावतात, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारा रंग सोडतात किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरवतात. खराब भाग बदलतात. मग व्हॅक्यूम, कमी झालेलं ऑइल आणि शेवटी स्टिकरवर लिहिलंय तेवढा गॅस वजन करून.

म्हणून गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा:

१. जुना गॅस किती ग्रॅम निघाला?
२. लीकेज कुठे सापडलं आणि कसं तपासलं?
३. व्हॅक्यूम किती वेळ मारला, तो टिकला का?
४. नवा गॅस किती ग्रॅम भरला, ऑइल किती टाकलं?
५. हे आकडे बिलावर लिहून मिळतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वात महत्त्वाचं आहे. ४५० ग्रॅमच्या यंत्रणेतून ४३० ग्रॅम गॅस निघाला, तर दोष गॅसचा नव्हताच.

हवेत सोडलेल्या गॅसचं काय?

आधी गाड्यांत आर-१२ हा गॅस असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे.

हिशोब करून पाहा. ४५० ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे जवळपास ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. तेवढा कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघतो. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सहा वेळा पार करता येईल.

म्हणूनच २०१६ मध्ये किगाली इथे या गटातले गॅस कमी करण्याचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली. आपल्याकडे २०२८ मध्ये वापर गोठवायचा आणि २०३२ पासून तो कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा, असं वेळापत्रक आहे. युरोपात २०१७ पासून नव्या कारमध्ये आर-१३४ए चालतच नाही. तिथे आर-१२३४वायएफ हा गॅस वापरतात. तो महाग आहे आणि थोडा ज्वलनशीलही. आपल्याकडे काही नव्या आणि महागड्या गाड्यांत तो दिसतो. त्यात आर-१३४ए मिसळणं पूर्णपणे चुकीचं आहे.

घरी नक्की काय करायचं?

गॅसकडे वळण्याआधी या गोष्टी बघा. खर्च जवळपास शून्य.

केबिन फिल्टर: बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. धुळीने भरला असेल तर वारा कमी येतो आणि गॅस कमी झाल्यासारखं वाटतं.

कंडेन्सर: त्यात चिखल, पानं, किडे अडकतात. इंजिन थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोरदार प्रेशरने त्याच्या नाजूक पट्ट्या वाकतात.

पंखा: एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का? गाडी चालताना गार आणि सिग्नलला गरम होत असेल, तर पहिला संशय यावरच घ्या.

कॉम्प्रेसर: क्लच असलेल्या गाडीत एसी लावताच 'टक्' असा आवाज येऊन पुढची चकती फिरते. फिरत नसेल तर फ्यूज किंवा रिलेही गेलेला असू शकतो.

तेलकट डाग: पाइपच्या सांध्यावर किंवा कंडेन्सरवर ओलसर, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर तिथून गॅससोबत ऑइल गळत असण्याची दाट शक्यता आहे. त्याचा फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.

हे सगळं ठीक असेल, गाडी जुनी आणि आर-१३४ए वाली असेल आणि थंडावा बऱ्याच वर्षांत हळूहळू कमी झाला असेल, तर मोकळ्या जागेत, काळजी घेऊन, वजन करत थोडा गॅस भरणं काही काळ काम भागवतं. यापलीकडे त्याची मजल नाही.

काही गाड्यांत मात्र घरी हातच लावू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं खास ऑइल लागतं. नेहमीच्या कॅनमधलं ऑइल आत गेलं तर इन्सुलेशन बिघडू शकतं. अपघात झालेली, गॅस पूर्ण गेलेली किंवा कॉम्प्रेसर आवाज करणारी गाडीही थेट गॅरेजमध्येच न्या. 'लीकेज बंद करणारा' कॅन तर टाळाच. त्यातलं सीलंट गॅरेजच्या मशीनमध्ये जाऊन अडकतं आणि त्या भीतीने काही गॅरेज अशी गाडी घ्यायलाच नकार देतात.

थोडक्यात, फिल्टर आणि कंडेन्सर घरी साफ करा, गॅसचं काम काटा, व्हॅक्यूम पंप आणि लीकेज शोधायची सोय असलेल्या गॅरेजवर सोडा. आणि पुढच्या वेळी कुणी जाळीसमोर हात धरून "गॅस टाकावा लागेल" म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: "आत किती ग्रॅम आहे, ते मोजलंत का?"